आचऱ्याचा फाटा

गोव्याला चालत जायचं, एवढं ठरलं होतं. कुठल्या वाटेनं जायचं यावर मात्र पास्कोलच्या अंगणात नुसता कलकलाट चालला होता. दहा-बारा माणसं, आणि प्रत्येकाला आपलीच वाट खरी. जशी काय सगळ्यांनी पायाखाली घालूनच ठेवली होती!

साल दोन हजार चार. दिवाळी नुकती संपलेली. जुन्या गोव्याच्या चर्चमध्ये सायबाचा देह आहे, सेंट झेवियरचा. साडेचारशे वर्षं झाली तो संत जाऊन, पण देह अजून आहे. दर दहा वर्षांनी तो खाली उतरवून दर्शनाला ठेवतात, आणि त्या साली रत्नागिरीतले काही किरिस्ताव पायी निघतात. त्यांचा म्होरक्या पास्कोल. एरवी हा मिरकरवाड्याच्या जेटीवर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचा. अंगाला कायम डिझेलचा वास आणि तोंडात कायम कुणाची तरी चेष्टा. मागच्या खेपेला हायवेनं जाऊन त्यानं पायांची सालटं काढून घेतली होती, म्हणून या वेळी त्याच्या मनात दुसरी वाट होती.

त्यानं अंगणातल्या चिऱ्यांवर खडूनं दोन रेघा ओढल्या. "ही बघा हायवे. हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली, सावंतवाडी. रस्ता डांबरी, पण डोक्यावर ऊन आणि कुशीला ट्रक. आणि ही आमची दर्याकडची. पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, आचरा, मालवण. माडांची सावली, विहिरींचं गोड पाणी, आणि दमलात तर कुणाच्याही पडवीत आडवं व्हा."

"किनाऱ्यानंच जावा," गंगाराम म्हणाला. हा दारापाशी बसलेल्या जनीचा नवरा. उभा जन्म बोटीवर सुकाणी म्हणून काढलेला. आता गुडघे गेले होते म्हणून चालणाऱ्यांत तो नव्हता, पण सल्ला द्यायला काय गुडघे लागत नाहीत. "तिथली माणसं आपली. कुणी उपाशी ठेवायचं नाय."

सगळ्यांच्या माना डोलल्या. झालं, ठरलंच म्हणायचं. एवढ्यात जनी बोलली. "विजयदुर्गाच्या खाडीवर पूल हाय?"

"पूल कसला, तर हाय. तरीत बसलं की पलीकडं."

"म्हणजे होडीत बसायचं."

"मग काय पोहत येणार, वयनी?" पास्कोल म्हणाला आणि सगळे हसले.

जनी हसली नाही. "मी पायी येईन म्हणून बोललेय. होडीत बसून पायी कसं होतं ते मला सांग. माझा नवस बाटेल."

"अगो, सायब सवता पोर्तुगालवरनं गलबतात बसून आला!"

"तो सायब होता. त्याला कुणाकडं काय मागायचं नव्हतं."

तिला काय मागायचं होतं ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पास्कोलनं एकदा गंगारामकडं पाहिलं, मग पायानंच दुसरी रेघ पुसून टाकली. "बरं तर, हायवे. पायाला फोड आले तर मला शिव्या घालू नका."

जनीला एकच मुलगा, अजिंक्य. बापासारखाच बोटीवर लागला. आदल्या वर्षीच्या जुलैत त्याची बोट एडनकडून मुंबईला यायला निघाली आणि मुंबईला लागली तेव्हा तिच्यावर एक माणूस कमी होता. रात्री जेवला, वारा खायला डेकवर गेला, सकाळी नव्हता. भांडण नाही, वादळ नाही, काही नाही. कंपनीनं 'बेपत्ता' म्हणून कळवलं, आणि जनीनं तो शब्द धरून ठेवला. बेपत्ता म्हणजे काय मेलेला नव्हे! दुसऱ्या कुठल्या बोटीनं उचलला असेल. कुठल्या परक्या बंदरात आजारी पडला असेल. भाषा येत नसेल, जवळ काही नसेल. त्या दिवसापासून त्यांच्या मिऱ्याच्या घरातल्या फोनवर दोन वाक्यांच्या वर कुणी बोलायचं नाही असा तिचा हुकूम होता. लाइन मोकळी पाहिजे.

"गेला तो," गंगाराम पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. "जुलैच्या दर्यात पडलेला माणूस मिळत नाय. मी दर्या बघितलाय." दर्भाचा पुतळा करून पोराची क्रिया करावी म्हणून त्यानं भटजींनाही बोलावलं. जनीनं भटजींना चहा दिला आणि त्यांचा घोट गिळून व्हायच्या आत विचारलं, "माझ्या जित्या पोराचं तेरावं जेवायला आलात काय?" भटजी छत्री तिथंच विसरून गेले. त्यानंतर नवरा-बायकोत बोलणं म्हणजे मीठ संपलंय आणि दार लावा, एवढंच.

आता तिचा दुसरा हिशेब सांगायला हवा, कारण नवस बाटेल हे तिचं बोलणं खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. किनाऱ्याची वाट आचऱ्यावरून जाते. आणि आचरा हे तिच्या सुनेचं माहेर.

मृणाली लग्न होऊन घरात आली आणि तीन महिन्यांत अजिंक्य बोटीवर गेला. तो परत आलाच नाही. तेवीस वर्षांची पोर. रोज कुंकू लावायची, हातात हिरव्या बांगड्या घालायची, कारण सासूचं लक्ष असायचं. गणपतीत तिचा बाप न्यायला आला तेव्हा जनीनं गोड बोलून त्याला वाटेला लावलं. "नवस फिटू दे, मग महिनाभर न्या." पण बाप रिक्षात बसला तेव्हा मृणाली अंगणाच्या बेड्यापाशी, फाटकात, उभी राहिली, आणि रिक्षा दिसेनाशी झाल्यावरही किती तरी वेळ तिथंच उभी होती. ते जनीनं पाहिलं होतं. ही आचऱ्याला आईच्या दारावरून गेली, की आत जाईल. आणि एकदा आत गेली, की बाहेर यायची नाही.

आणि ती आली नाही तर? छे! तो विचारसुद्धा जनीला सोसत नव्हता. त्याचं कारण होतं ते गाऱ्हाणं.

अजिंक्य हरवल्याच्या पुढच्याच महिन्यात पास्कोल तिला चर्चमध्ये घेऊन गेला होता. सायबाची मूर्ती होती, मेणबत्त्या होत्या, पण काय म्हणायचं ते जनीला कुठं येत होतं? शेवटी ती म्हणाली, "आमच्यात गाऱ्हाणं घालतात, तसं घालू?" पास्कोल म्हणाला, "घाल. मी होय म्हाराजा म्हणतो." आणि मग त्या रिकाम्या चर्चमध्ये, दुपारच्या वेळी, जनीनं पदर खांद्यावरून घेऊन अगदी ग्रामदेवतेला घालावं तसं गाऱ्हाणं घातलं.

"बा सायबा, गोव्याच्या राजा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"मी तुझ्यातली नव्हे. पण लेकरू हरवलं की आई कुणाचंही दार वाजवते, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"पुढल्या साली तुझं दर्शन हाय. त्याची आई आणि त्याची बायको, दोघी जोडीनं तुझ्या पायरीपर्यंत चालत येतील. तोवर तो आला तर फेडायला येतील, नाय आला तर न्यायला येतील, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"दोघींतली एक जरी मधी सुटली, तर नवस तुला पोचला नाय असं समज आणि माझं लेकरू देऊ नको, म्हाराजा!"

पास्कोलचा होय म्हाराजा तिथं अडखळला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "वयनी, सुनेला विचारलंस?"

"तिला काय विचारायचं? नवरा तिचाच ना?"

त्या वेळी मृणाली घरी तांदूळ निवडत बसली होती. आपली पावलं कुणाच्या तरी पायरीला बांधली गेलीत, हे तिला रात्री जेवताना कळलं. तिनं मान खाली घातली आणि भात कालवत राहिली.

नोव्हेंबर संपता संपता मंडळी निघाली. पुढं पास्कोल, त्याच्या हातात लाकडी क्रूस, मागं सगळी रांग. सकाळी जपमाळ म्हणत चालायचं, दुपारी आंब्याखाली टेकायचं, रात्री कुठल्या शाळेच्या नाही तर देवळाच्या ओसरीवर पथारी. गावोगावची माणसं विचारायची, कुठं चाल्लाव? सायबाच्या पायाला, म्हटलं की चहा यायचा. जनीला जपमाळ येत नव्हती. ती आपली पावलागणिक 'अजिंक्य, अजिंक्य' म्हणायची. तिच्या लेखी तोही जपच.

पास्कोलनं सांगितलं होतं ते खोटं नव्हतं. हायवे म्हणजे तापलेला तवा. ट्रक अंगाला घासून जायचे आणि पदर उडायचे. लांजा सोडेपर्यंत मृणालीच्या टाचांना फोड आले, राजापुरात ते फुटले. जनीनं रात्री खोबरेल तेलात हळद कालवून तिचे पाय मांडीवर घेतले. कोवळे पाय होते. बोटातली जोडवी सुजेनं रुतली होती. "दुखतं?" जनीनं विचारलं. "नाय, आई," पोर म्हणाली. खोटारडी कुठली! मग तीच उठून जनीच्या पोटऱ्या दाबत बसली. जनी नको नको म्हणत राहिली आणि दाबूनही घेत राहिली.

खारेपाटणच्या अलीकडं एक गंमत झाली. पास्कोलच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो क्रूस सांभाळत एका पायावर असा काही नाचला, की मृणालीला हसू फुटलं. खळखळून हसली. दीड वर्षात जनीनं तिचं हसणं ऐकलं नव्हतं. आणि ऐकलं तर जनीच्या मनात काय आलं? नवरा दर्यात आणि ही दात काढते! ते तिच्या तोंडावरही आलं असणार, कारण मृणालीनं झटकन पदर तोंडाला लावला. जनीला स्वतःची लाज वाटली. पण सॉरी वगैरे म्हणायची तिच्यात पद्धत नव्हती. तिनं पिशवीतून चिक्कीचा तुकडा काढून पोरीच्या हातात कोंबला, झालं.

कणकवलीला पोचले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. हायवेवरून एक रस्ता उजवीकडं फुटतो, समुद्राकडं उतरतो. तोच आचऱ्याचा फाटा. जनीच्या हिशेबात आचरा म्हणजे किनाऱ्यावरचं गाव, हायवेपासून चांगलं लांब. पण फाट्याशी एक चहाची टपरी होती आणि टपरीसमोर एक रिक्षा उभी होती. रिक्षाला टेकून मृणालीचा बाप उभा होता, आत्माराम. तो आचऱ्याच्या नाक्यावर रिक्षा चालवायचा. राजापुरातून पास्कोलनंच त्याला फोन केला होता. का? तर पोरीचे पाय त्याला बघवत नव्हते. पास्कोलनं तसं कबूलही केलं, जनीच्या डोळ्याला डोळा न देता.

"नमस्कार, विहीणबाय," आत्माराम म्हणाला. मोठा अदबीचा माणूस. "माझ्या चेडवाक दोन दिस घेवन जातंय. पाय बरे झाले की परत हाडून सोडतंय."

दोन दिवस! दोन दिवसांची भाषा जनीला काय कळत नव्हती? "नवस फिटू दे," ती म्हणाली. "आता अर्धी वाट झाली. इथं सुटली तर सगळं फुकट." एवढं बोलून ती टपरीमागच्या नळावर पाय धुवायला निघून गेली.

टपरीची मागची भिंत म्हणजे कुडाचा पडदा. पलीकडं बापलेक बोलत होते आणि शब्द न् शब्द इकडं येत होता.

"चल गो बाय घराक," आत्माराम म्हणत होता. "आवस वाट बघता तुझी. पावलां बघ तुझी, रगात येता."

"मी येवचंय नाय, बाबा."

"कित्याक? घोव तुझो, अजिंक्य, परत येतलो म्हणान?"

मग मृणाली म्हणाली, "तो येवचो नाय. ह्यां माका म्हायत आसा. पयल्या दिवसापासना म्हायत आसा."

"मगे?"

"मी हयसून फिरलंय, तर आईंका जल्मभर वाटतला, सुनेन मधीच सोडल्यान म्हणान तेंचो झील इलो नाय. मीच तेका बुडवलंय." आणि मग तिचा आवाज फुटला. "आणि माका पण तसांच वाटतला, बाबा. म्हणान मी चलतंय. चलान झाला की मगे कोणी माका काय म्हणाचा नाय."

नळ वाहत होता. जनीनं तो बंद केला नाही. कुडाला हात धरून ती उभी राहिली. दोघींतली एक जरी मधी सुटली. हे तिनं स्वतःच्या तोंडानं म्हटलं होतं, मोठ्यानं, खणखणीत. आणि ते बोलताना तिला वाटलं होतं की आपण देवाला पेचात पकडतोय. देव कुठला पेचात सापडतोय! सापडली ती ही पोर. आपल्या लेकराचा जीव आपण हिच्या फुटलेल्या टाचांवर ठेवला, आणि हिनं तो न बोलता उचलला. लांजा, राजापूर, खारेपाटण, सगळी वाट उचलून आणला. पाय दुखतात का म्हणून विचारलं, तर नाय म्हणाली.

आता हिला जा म्हणावं? म्हटलं तरी सुटली हीच. मधी सुटली म्हणून नाव हिचंच राहील. आणि नको म्हणावं, गोव्यापर्यंत चालवावं, पायरीला पाय लावावेत, आणि तरी अजिंक्य आला नाही तर? तर ही कधीच सुटायची नाही. मिऱ्याच्या घरात फोनकडं बघत म्हातारी होईल.

एका बाजूला लेक आणि एका बाजूला लेकाची बायको. लेकाची बायको इथं होती. जनीनं नळ बंद केला.

ती पुढं आली ती कुणाकडं न बघता थेट रिक्षापाशी गेली. पास्कोल चहाचा ग्लास हातात धरून बघत राहिला. "वयनी, कुठं?"

"आचऱ्याला."

"चालत?"

"रिक्षात बसून."

पास्कोलनं ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. गाऱ्हाणं घालताना तोच तर शेजारी उभा होता. पायी चालण्याचा नवस बोललेली बाई चाकावर बसली, म्हणजे काय झालं, ते त्याच्याइतकं तिथं कुणाला कळत होतं? तो धावतच आला. "वयनी, असं करू नको. तिला जाऊ दे बापासंगं. तू चल माझ्याबरोबर. मी सायबाला सांगतो, समजावतो."

"तिला जाऊ दिलं तर तिनं मोडला असं होतं. बोललं कोण होतं? मी. तिला विचारलंसुद्धा नव्हतं. मोडायचा तर मीच मोडणार."

"अगो, पण अजिंक्य..."

"त्याचं नाव घेऊ नको आता," जनी म्हणाली.

रिक्षाची पायरी ती काय, वीतभर. जनीनं दांडा धरला आणि तिचा पाय उचलेना. इतके दिवस चालून आलेला पाय! इथं पाऊल ठेवलं की अजिंक्य गेला. कुणी नेला नाही, समुद्रानं नेला नाही, आपणच पाठवला. सहा महिन्यांचा असताना त्याला गोवर आला होता, तेव्हा ती सात दिवस त्याला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. सासू म्हणाली होती, अगो ठेव जरा, तुझी कंबर मोडेल. ठेवला नव्हता. आता ठेवायचा होता. तिच्या तोंडातून एक आवाज आला, तो तिला स्वतःलाही ओळखू आला नाही. आणि ती आत बसली.

"बस गो, मृणाल," ती म्हणाली.

मृणाली लंगडत धावत आली. तिच्याही ध्यानात आलं होतं. "आई, उतरा! मी चालते. मी गोव्यापर्यंत चालते, खरंच चालते. तुम्ही उतरा ना!" तिनं जनीचा हात धरून ओढायला सुरुवात केली. "अजून रिक्षा हलली नाय, आई. अजून काय झालं नाय. उतरा!"

"बसलेय ती बसलेय," जनी म्हणाली. "झालं ते. नवस मी मोडला. सगळ्यांच्या देखत मोडला. तुझं त्यात काय नाय. ऐकलंस? जन्मात कधी मनात आणू नको." आणि तिनं पोरीला खेचून आपल्या शेजारी बसवलं.

रस्त्याच्या कडेला सगळी रांग उभी होती. कुणी जपमाळ थांबवली होती, कुणी छातीवर क्रूस काढत होतं. पास्कोल रिक्षाच्या दांड्याला धरून ओल्या डोळ्यांनी म्हणाला, "सायबाला काय सांगू, वयनी?"

"काय नको सांगू. मेणबत्ती लाव एक."

"कशाची? नवसाची वेगळी लावतो आम्ही, आणि..."

"गेलेल्यांची लावता ना? ती लाव. अजिंक्यच्या नावानं." हे शब्द तिनं त्याआधी कधी तोंडातून काढले नव्हते. आत्मारामनं रिक्षा सुरू केली.

आचऱ्यापर्यंत मृणालीनं सासूच्या खांद्यावर डोकं ठेवलं होतं आणि ती हुंदके देत होती. जनी समोर बघत होती. झाडं भराभर मागं जात होती. चालताना प्रत्येक झाड जवळ यायला किती वेळ लागायचा, आणि आता बघता बघता मागं पडत होतं. माहेरच्या दारात आईनं पोरीला कवटाळलं आणि दोघी मायलेकी तिथंच मातीत बसल्या. जनी बाजूला उभी राहिली. त्या घरात त्या वेळी तिला कुठं जागा होती?

रात्र तिनं तिथंच काढली. सकाळी निघताना मृणालीला तिनं पडवीत बोलावलं. "परत यायचं नाय," ती म्हणाली. "सून म्हणून यायचं नाय. कधी वाटलं तर माणूस म्हणून ये, दोन दिवस राहा, भाकरी खा. बांगड्या घाल नको घाल, तुझ्या मनावर. आणि पुढं तुझ्या आईबापांनी कुणी चांगला बघितला, तर मला विचारायला येऊ नका. फक्त..." तिनं गाठोडं काखेत घेतलं. "फक्त बोटीवरचा नको हां."

मृणाली तिच्या पाया पडायला वाकली ती पाय सोडीना. जनीनं तिला उठवलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं आपल्या कानशिलावर मोडली. मग एसटी आली.

मिऱ्याला घरी पोचली तेव्हा दिवस कलला होता. गंगाराम ओट्यावर बसला होता. तिला एकटीला येताना बघून तो काठी टेकत उभा राहिला. "इतक्यात? गोवा झाला? पोर कुठाय?"

"माहेरी पोचवली."

"कधी येणार?"

"नाय येणार." जनीनं गाठोडं खाली ठेवलं आणि ओट्यावर बसली. त्याला सगळं सांगितलं. फाटा, कुडाची भिंत, रिक्षा. काही राखून ठेवलं नाही. दीड वर्षात ती त्याच्याशी एवढं बोलली नव्हती. तो ऐकत राहिला. मग ती म्हणाली, "तुम्ही बरोबर होतात. भटजींना सांगा. दर्भाचा पुतळा करायचा तर करू दे. मी आड येत नाय."

हेच ऐकायला गंगाराम दीड वर्ष थांबला होता. यासाठी त्यानं भांडणं केली होती, अबोला धरला होता. तो म्हणाला, "सांगतो." आणि जागचा हलला नाही. त्यानं दाराच्या आत, फोनकडं पाहिलं. मग तिच्याकडं. त्याचा चेहरा असा झाला, की जनीनं त्याला लग्नाच्या इतक्या वर्षांत तसा कधी पाहिला नव्हता.

"थोडं थांबूया काय?" तो म्हणाला.

"काय?"

"नाय म्हणजे... सोमालियाच्या बाजूला मच्छीमार होड्या असतात गो. लांब लांब जातात त्या. उचललाही असेल कुणी. मी ऐकलंय असं. आमच्या बोटीवरचा एक... तो आला होता परत. खरंच आला होता. तू बोललीस म्हणजे लगेच करायला पाहिजे असं काय नाय. शिमग्यापर्यंत थांबूया. तू म्हणायचीस ना, तो येईल? तू म्हण ना परत." आणि तो म्हातारा खलाशी तिच्यासमोर ओक्साबोक्शी रडायला लागला. इतके दिवस तो 'गेला, गेला' म्हणू शकत होता, कारण घरात एक जण तरी पोर येणार म्हणून बसलेलं होतं. आता कुणीच उरलं नव्हतं.

जनीनं त्याचं डोकं छातीशी धरलं. दोघं बराच वेळ रडले, मोठ्यानं, शेजारी बाहेर आले तरी रडले. मग तिनं त्याचं तोंड पदरानं पुसलं, त्याला भिंतीला टेकवून बसवलं, आणि सुजलेल्या पायांत चपला घालून ती स्वतःच भटजींच्या घराकडं चालत निघाली.